पुठ्ठ्यावरचं पाणी

मोटारीच्या पार्ट्सच्या दुकानात, रांगेत माझ्या पुढे दोघी बहिणी उभ्या होत्या.

“ताई, परत पाइप? मागच्याच आठवड्यात नेलास की.”

“तो बसवला. क्लिपा बदलल्या, रेडिएटरचं झाकण बदललं. तरी रोज सकाळी गाडीखाली ठेवलेला पुठ्ठा ओला.”

“भाऊजी वैतागले असतील.”

“छे, रंगात आलेत. गळती सापडेपर्यंत साधं पाणीच भरायचं म्हणतात, कूलंट वाया नको. पण टाकी बघावी तर काठोकाठ भरलेली. त्यानंच चक्रावलेत.”

“टाकी भरलेली आणि पुठ्ठा ओला? असं कसं होईल?”

“गाडीच्या वर माझ्या कुंड्या टांगल्यात ना. ते उठायच्या आत मी झाडांना पाणी घालते.”

“अगं, मग सांग ना त्यांना.”

“सांगणारच होते. पण हल्ली आम्ही दोघंही बॉनेटखाली डोकं घालून उभी असतो. मी टॉर्च धरते, ते बोलत असतात. चहासुद्धा तिथेच होतो. रिटायर झाल्यापासून तोंडापुढचा पेपर हलत नव्हता गं त्यांच्या.”

“बरं, मग निदान सकाळचं पाणी घालणं तरी थांबव.”

“वा. आणि झाडं मरू देऊ?”