फणसाखालची ब्राह्मी

"त्या फणसाखाली काय उगवत न्हाय, आणि आमच्या सुनंच्या तोंडातनं शब्द न्हाय!" आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, शेजारच्या काकूंना सांगत होत्या. मी चहाचे कप घेऊन दाराआडच थांबले.

त्याच सावलीत मी माहेरची ब्राह्मी लावली होती. आई गेल्यावर तिच्या परसातली तेवढीच आणली होती. जमिनीला धरून पसरते, बारा महिने हिरवी राहते, ऊन मागत नाही. पण रोज सकाळी आत्ती खराट्यानं फणसाखालची माती घासून काढायच्या, आणि उरलेली मुळं मी गुपचूप परत दाबायचे. आता एकच वेल उरली होती.

मी बाहेर आले, कप ठेवले.

"आत्ती, उगवतंय की. तुम्हीच रोज झाडून काढताय."