नलूची सातची गोळी

— नाही, बेल नका वाजवू. आत्ता कुठे डोळा लागलाय तिचा. इथे बाकावर बसा, गॅलरीत वारा आहे. आणि आधी सांगा, तुम्ही कोण? हॉस्पिटलच्या? असं सगळेच म्हणतात हो. मागे एक आली होती गळ्यात असंच कार्ड अडकवून, पाणी तपासायला म्हणून — तासाभराने कळलं, बिल्डरकडून आली होती, कुठल्या खोलीत कोण म्हातारं एकटं राहतं ते बघायला. बघू कार्ड. अक्षता. फोटो तुमचाच ना? केस लांब दिसतायत यात. बरं, कापले असतील. मी सुभद्रा, शेजारच्याच खोलीतली. नलूचं सगळं मीच बघते. तिचा मुलगा ध्रुव बंगळूरला, मनमोहनभावोजींना जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हा जे काय विचारायचं ते मला विचारा.

काय म्हणालात? काल फोनवर नलूने सांगितलं की अंगावरचं पुरळ गेलं, म्हणून आलात? बघा, इथेच मला शंका येते. पेशंटचं पुरळ गेलं तर माणूस खूश होतो, आणि तुम्ही भर दुपारी फणसवाडीचे तीन जिने चढून चौकशीला येता. का बरं? पहिल्यापासून तुमचं सगळं असंच. सही घेताना तिचा व्हिडिओ काढलात — अहो, आमच्यात लग्नाचाही एवढा नीट काढत नाहीत. गोळी फुकट, वर रिकामी बाटलीसुद्धा परत पाहिजे. नवीन गोळी आहे, अजून तपासणं चालू आहे, हे ध्रुव बोलला मला. म्हणजे तपासणार कोणावर? आमच्या नलूवर. जिने जन्मात विडी-सिगारेट बघितली नाही. फुप्फुसाचा कॅन्सर म्हटल्यावर खालची माणसं काय काय बोलली असतील, तुम्हाला कल्पना नाही. एकाने तर मलाच हळूच विचारलं, नलूवहिनी मिश्री लावायच्या का हो.

हो, ध्रुवने समजावलं होतं. मला काही कळत नाही असं समजू नका, सातवी झालेय मी. म्हणे पेशीवर एक बटण असतं. वाढ म्हटलं की वाढायचं, थांब म्हटलं की थांबायचं. आईचं बटण बिघडलंय, दाबलेलंच राहतं, म्हणून त्या पेशी वाढतच सुटल्यात. ही गोळी नेमकी त्या बटणात जाऊन बसते. केमोसारखं चांगलं-वाईट सगळं एकदम मारत नाही. ऐकायला छान वाटतं. महिनाभर छान चाललंही — खोकला गेला, स्वतः जिना उतरून पालेभाजी निवडून आणायला लागली. खोटं कशाला बोलू.

मग ते पुरळ. तुमच्या डॉक्टरांनी बघितलं तेव्हा नाकाशी चार पुटकुळ्या होत्या, मलम देऊन मोकळे झाले. पुढच्या चार दिवसांत तिचं तोंड बघायला हवं होतंत. गाल, गळा, छाती, पाठ — तीळ ठेवायला जागा नाही. आग, खाज, रात्रभर बसून. मी ओळखलं. असं अंगभर उठतं ते कशाने, हे आमच्या आईने दाखवलंय मला लहानपणी. देवीचं नाव घेत नाहीत तेव्हा, पाहुणी आलीय म्हणतात. उशाशी कडुनिंबाचा टाळा ठेवला, घरात फोडणी बंद, तिच्याही आणि माझ्याही, दार लोटून घेतलं. अकराव्या दिवशी निंबाच्या पाण्याने अंघोळ, दहीभाताचा नैवेद्य. बघशील तर कातडी कशी तुकतुकीत. खालच्या मजल्यावरच्या अनुजाच्या बाळाच्या बारशाला गेली ना, तोंड न झाकता. किती दिवसांनी आरशात बघितलंन तिने.

औषध? औषध कसं देणार? पाहुणी असताना औषध चालत नाही, तुझ्या आजीला विचार.

नाही, तशी गोळी चालूच — म्हणजे नलू घेते ना रोज. संध्याकाळी सातला, माझ्या हातून. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, तिला बाटलीवरचं काय दिसतंय. म्हणून बाटली माझ्याकडेच असते. आणू? कशाला हवीय? बरं बाई, आणते.

ही घे. मोज. ताटली देऊ का?

एकोणतीस. बरोबर आहे. किती उरायला हव्या होत्या? बारा?

असं बघू नकोस माझ्याकडे. ती ऐकत नव्हती, काय करू? मी म्हटलं, थोडे दिवस बंद ठेव, तर म्हणाली, ध्रुवला शब्द दिलाय, एक दिवस चुकवायची नाही. मग मी माझी कॅल्शियमची दिली. तशीच गोल असते. अकराच दिवस द्यायची होती. नंतर वाटलं, आत्ता कुठे तिचा चेहरा परत आलाय, अजून चार दिवस जाऊ दे. मग पुन्हा चार दिवस. उद्या सुरू करते, उद्या सुरू करते... तिच्या वाईटावर होते का गं मी?

काय? परत सांग. तेच बटण कातडीतही असतं? म्हणून गोळी कातडीलाही लागते... म्हणजे ते पुरळ गोळीनेच उठलं. म्हणजे गोळी आत पोचत होती.

आणि मी निंबाच्या पाण्याने आंघोळ घालत होते.

खोकला? आहे. सोमवारपासून आहे. मी म्हटलं, बारशाला पंख्याखाली बसली होती. भाजीला परवापासून मीच जाते. सतरा दिवसांत त्या पेशी किती वाढतात, अक्षता? नाही, खरं सांग. फोटो काढल्याशिवाय कळणार नाही, ते ठीक, पण तू हे रोज बघतेस ना. मी आत्ताच देते तिला, दोन देते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही नाही? बरं. बरं, नाही हात लावत. ही बाटली तूच ठेव.

ध्रुवला कळवावं लागेल? कळव. नाव घालून कळव, सुभद्राकाकूंनी केलं म्हणून. दहावीपर्यंत माझ्याच घरी जेवलाय तो.

थांब. उठली वाटतं. ऐकलास खोकला? — आले गं नलू, आले.

तू आत नको येऊस. तुझ्या तोंडून ऐकलं तर तिचा विश्वास बसायचा नाही, सुभद्रा असं करणारच नाही म्हणेल, आणि वर तुलाच बोलेल. मलाच सांगू दे. तू जिन्यात जाऊन डॉक्टरांना फोन लाव, तिथे रेंज असते. जा. आणि मी हाक मारेपर्यंत वर येऊ नकोस.