पुढच्याचं चाक

...आणि वर लोक मलाच विचारतात, "अरे, मान वर करून बघायचं नाही का जरा?" मान वर! तुम्हाला सांगतो, ज्यांनी आयुष्यात सायकलवरून फक्त पाव आणलाय ना, त्यांनाच असले प्रश्न सुचतात. अहो, समोरच्याचं मागचं चाक आणि माझं पुढचं चाक, मध्ये वीतभर अंतर... वीतभर कसलं, चार बोटं! डावीकडे एकाचं कोपर, उजवीकडे दुसऱ्याचं, मागचा नाक शिंकरतोय ते माझ्या पोटरीवर येतंय, आणि हा सगळा घोळका मोटारीच्या वेगाने सुटलेला. यात मान वर करू? मी श्वाससुद्धा भीत भीत घेत होतो!

बरं, हौस होती का मला? मुळीच नाही. मी मेखेलेनचा, शहरातला माणूस. लोकांच्या कानात श्रवणयंत्रं बसवतो. या धंद्यात कुणी पडत नाही, कुणाचे गुडघे फुटत नाहीत. चूक एकच झाली, वेस्टरहूकच्या मुलीशी लग्न केलं. समुद्राकडचं गाव, परातीसारखं सपाट, झाड औषधाला नाही, वारा मात्र बारा महिने फुकट. आणि तिथे नवा माणूस आला की काय करतो, काय शिकलाय, असलं काही विचारत नाहीत हो, शर्यतीत कधी उतरलाय का ते विचारतात. त्यात माझे सासरे, ओदील, जुने सायकलपटू. लग्नापासून त्यांच्या तोंडून माझं नाव निघालेलं नव्हतं. कोर्नेल. काय जड आहे सांगा यात? पण नाही. रविवारी सगळे जेवायला बसलेले, मी बरोब्बर त्यांच्या समोर, आणि ते फेर्लेला, म्हणजे माझ्या बायकोला, म्हणतात, "त्याला विचार, बटाटे हवेत का." त्याला! फेर्ले माझ्याकडे वळते, "बटाटे हवेत?" मी म्हणतो, "हो." ती तिकडे वळते, "हो म्हणतोय, बाबा." एकाच भाषेत बोलायला आम्हाला दुभाषी लागतो.

आता जत्रेला दर उन्हाळ्यात गावात शर्यत. चर्चपासून निघायचं, शेतांना वळसा घालून परत चर्चपाशी, अशा फेऱ्यांवर फेऱ्या. आणि शेवटच्या रेषेवर माइक कुणाच्या हातात? ओदीलसाहेबांच्या! त्यांचा एक नियम आहे, जो शर्यत पुरी करून रेषा ओलांडेल त्याचं नाव ते स्पीकरवर घेणार. पहिला असो, शेवटचा असो, आडनावासकट. यात पक्षपात नाही. तर एका रविवारी दीड ग्लास बियर पोटात गेली आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला... रेषा ओलांडली की म्हाताऱ्याला माझं नाव घ्यावंच लागेल! अख्ख्या गावासमोर! उठलो आणि म्हणालो, "यंदा मी उतरतोय. नवख्यांच्या शर्यतीत." काटे-चमचे जागच्या जागी थांबले. सासऱ्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, बाजारात बैल बघतात तसं, आणि फेर्लेला म्हणाले, "त्याला सांग, पुढच्याचं चाक सोडायचं नाही. आभाळ कोसळलं तरी सोडायचं नाही. पुढच्याच्या आडोशाला आहेस तोवर तगशील. चाक सुटलं की वारा खाऊन टाकतो माणसाला." फेर्ले वळली, "बाबा म्हणतायत, चाक..." म्हटलं, ऐकलं! चाक सोडायचं नाही!

मग सुरू झाली तयारी, म्हणजे भीतीची तयारी. शेजारचा म्हणाला, पायावरचे केस काढायला लागतात. मी फेर्लेचं रेझर घेतलं, टबच्या काठावर बसलो आणि दारात उभ्या शेजाऱ्याला विचारलं, "पण हे कशासाठी? वारा कमी लागतो म्हणून?" म्हणाला, "नाही रे, पडलास की जखम धुवायला सोपं जातं. पट्टी ओढताना केस उपटत नाहीत." पडलास तर नाही हं... पडलास की! म्हणजे पडणं ठरलेलंच, प्रश्न फक्त पट्टीचा! एक पाय झाला होता. दुसरा करू की नको, करू की नको... शेवटी केला, कारण एका पायाने घाबरट दिसण्यापेक्षा दोन्ही पायांनी घाबरट दिसलेलं बरं.

शर्यतीच्या दिवशी फेर्ले माझ्या पाठीवर नंबर लावत होती, सेफ्टी पिना दातात धरून. तशीच म्हणाली, "पहिला येऊ नकोस, फक्त परत ये." मी म्हटलं, "पहिला? मला घोटभर पाणी दे गं आधी, जीभ टाळूला चिकटलीये." संडासासमोर ही रांग, सगळे बाप्ये, सगळ्यांचे पाय चकाकतायत, कुणी कुणाच्या डोळ्याला डोळा देत नाही. आणि रेषेपाशी जातो तर काय, घोळक्याच्या मागे अँब्युलन्स! इंजिन चालू ठेवून! आतल्या बाईंनी माझ्याकडे बघून हात हलवला. ओळखदेख नाही हो आमची. मग कशाला हलवला?

शिट्टी झाली आणि पुढचं मला काही विचारू नका, कारण मी काही पाहिलंच नाही. एक चाक पाहिलं. काळं, त्यावर पिवळी रेघ. चर्चसमोर दगडी गोट्यांचा रस्ता, दात असे वाजतायत की मला वाटलं दुसऱ्याचेच आहेत. मग उघडं माळरान, वारा बाजूने, सगळे तिरकी रांग धरून एकमेकांना बिलगलेले आणि मी अगदी कडेला, अर्धं चाक गवतात! आणि गवतापलीकडे काय? कालवा! मला पोहता येतं, पण सायकलसकट कधी प्रयत्न केला नव्हता. हात हॅन्डलला घट्ट चिकटलेले, नाकाच्या शेंड्यावर घाम, तो पुसायला हात काढायची छाती होत नाही... आणि तोंडाने एकच, चाक सोडायचं नाही, चाक सोडायचं नाही!

दुसऱ्या फेरीत माझ्या डावीकडे एक पडला. बघितलं नाही, ऐकलं. मी कानाचा माणूस आहे, आवाज मला चुकत नाहीत. आधी ब्रेकची किंचाळी, मग पत्र्याच्या डब्यातून चमचे सांडावेत तसा खडखडाट, आणि मग... काहीच नाही. ती शांतता हो! तेवढ्यात मागून त्याचा आवाज आला, सणसणीत शिवी! इतकी गोड शिवी मी जन्मात ऐकली नव्हती. जिवंत होता बिचारा.

दर फेरीला रेषेपाशी सासऱ्यांचा आवाज, "आले आले, पुढचे आले!" मग सगळ्यांची नावं, आडनावं, बापाचं नाव, कुणाची गाय प्रदर्शनात पहिली आली ते सुद्धा. आणि आम्ही शेपटाकडचे गेलो की, "मागे अजून काही मंडळी आहेत." काही मंडळी! मी मनात म्हटलं, थांबा, म्हातारबुवा. रेषा ओलांडू दे.

आणि तुम्हाला सांगतो, मी टिकलो! पिवळ्या रेघेच्या चाकामागे जीव मुठीत धरून टिकलो! घंटा वाजली, शेवटची फेरी. आता फक्त एकदा शेतांना वळसा आणि मग रेषा, माइक, "कोर्नेल लामरांत", सगळा गाव ऐकतोय! भीती होतीच, उलट वाढली, कारण आता गमावण्यासारखं काहीतरी होतं. मी आणखी खाली वाकलो. पुढच्याने डावा हात बाहेर काढून खाली हलवला. आता आमच्यात रीत आहे, खड्डा आला की पुढच्याने हाताने दाखवायचा, मागच्याने त्याच्या मागच्याला दाखवायचा. मी कर्तव्यनिष्ठ माणूस! हॅन्डलवरून हात काढला, शर्यतीत पहिल्यांदाच, आणि मागे खूण केली, खड्डा! चाक डावीकडे वळलं, मी वळलो. खडी लागली... हरकत नाही, चाक सोडायचं नाही! एक फाटक गेलं. कोंबड्या ओरडल्या. शेणाचा वास आला. चाक हळू झालं, मी हळू झालो. चाक थांबलं.

मान वर केली तर समोर गाय.

"अगं बाई!" दारातून एक म्हातारी बाहेर आली, ॲप्रनला हात पुसत. "स्तेफान, किती जणांना घेऊन आलास! आधी सांगायचं तरी, एवढी कॉफी नाहीये रे!"

मागे वळून बघतो तर माझ्यामागे चौघं. ओळीने. एक जण घामाने चिंब, लालबुंद, माझ्या अंगावर धावून आला, "अरे तू वळलास का?" मी म्हटलं, "तो वळला म्हणून!" सगळ्यांनी स्तेफानकडे बघितलं. तो शांतपणे हेल्मेट काढत होता. "मी? मी घरी आलो. दम संपला, आणि दूध काढायची वेळ झालीये. हाताने खूण केली की, वळतोय म्हणून." मी म्हटलं, "मला वाटलं खड्डा!" तर तो लालबुंद म्हणतो, "आणि तू आम्हालाही खड्डा दाखवलास!"

ते चौघं सायकली फिरवून पळाले. मी उतरलो आणि म्हातारीने मला धरून बाकावर बसवलं. "बस रे बाळा, पांढराफटक पडलायस," म्हणून हातात कॉफी दिली. शर्यतीत आलं नव्हतं एवढं रडू आलं मला. इतकी भीती गिळली, ती काय गोठ्यात येऊन संपवायला?

आणि तेवढ्यात वाऱ्यावरून आवाज आला. सपाट मुलूख, स्पीकर मोठा. "लक्ष द्या... कोर्नेल लामरांत. कोर्नेल लामरांत. निळं हेल्मेट, चष्मा. चौघं परत आले, म्हणतात मागेच होता, पण हा आलेला नाही. कुणाला दिसला तर चर्चपाशी आणून सोडा." मग थोडं थांबून, हळू, माइक बंद करायचं विसरल्यासारखं, "कालव्याकडे बघा रे कुणीतरी आधी." आवाज कापत होता हो! कानाचा माणूस आहे मी, मला कळतं. मी भीत होतो तितकेच तेही भीत होते, माझ्यासाठी! जत्रेत हरवलेल्या पोरासारखं का होईना, माझं नाव घेतलं होतं, आडनावासकट, दोनदा! मी कॉफी तशीच ठेवली आणि सायकल हातात धरून निघालो... चालत, कारण बसायची छाती झाली नाही.

पुढच्या रविवारी जेवायला बसलो. मी पाठ ताठ केली. सासऱ्यांनी घसा खाकरला, फेर्लेकडे बघितलंच नाही, थेट माझ्याकडे बघितलं. म्हणाले,

"ए चाक, मीठ दे इकडे."

फेर्लेने टेबलाखालून माझा हात दाबला, डोळ्यांत पाणी, "बघ, बाबा थेट तुझ्याशी बोलले!" आता काय करणार, तुम्हीच सांगा... दिलं मीठ.