सहा मेला रमजान वाजवत नाही

— नाही गुरुजी, सहा मेला नाही जमायचं. दहाला सांगा, वीसला सांगा, अख्खा बँड घेऊन येतो, तुमच्या वाचनालयापासून खालच्या बाजारापर्यंत वाजवत नेतो. सहाला नाही — बसा ना, उभे कशाला? ती खुर्ची नको, तिचा पाय हलतो. या बाजेवर बसा. आणि तो कागद काय म्हणालात? दिनविशेष? म्हणजे त्या दिवशी जगात काय काय झालं त्याची यादी — आणि ती फळ्यावर लिहिणार, खाली मिरवणूक, पुढं रमजान बँडवाला. वा! धुळ्याची माणसं शिकलेली असतात ती अशी. आमच्या तळोद्यात आजवर कुणाला सुचलं नाही. इथं लोक तारीख विचारतात ती बाजाराच्या वाराची.

वाचा की. कान चांगले आहेत माझे, चाळीस वर्षं ढोलाशेजारी उभा राहूनसुद्धा. — एकोणीसशे दहा, सातवे एडवर्ड बादशहा निवर्तले. हो, बरोबर आहे. मला कसं माहीत? अहो, त्याच दिवशी माझा निकाह झाला! हसू नका. सहा मे, शुक्रवार. मी वीस वर्षांचा, रशिदा चौदाची, ती खापर गावची. निकाह पार पडला, सगळं ठीक. बादशहा तिकडं विलायतेत रात्री मेले, म्हणजे आपल्याकडं सात उजाडली होती — पण मोठ्या माणसाच्या मरणाची तारीख त्याच्या गावची धरतात, आपल्या गावची धरत नाहीत, खरं ना? नंदुरबारला तार आली, तिथून घोडेस्वार आला, आणि इकडं दुसऱ्या दिवशी आमच्या वलीम्याच्या जेवणात माझ्या वडलांचे साथीदार ताशा वाजवत होते तिथं शिपाई हजर. म्हणे, दुखवटा आहे, वाद्य बंद! वडील म्हणाले, कोण वारलं? तो म्हणाला, बादशहा. वडील म्हणाले, अरे, आमचा नवरदेव तर जिवंत शे ना! — तर ताशे उचलून कचेरीत नेले. बँडवाल्याच्या पोराचं लग्न आणि वरात मुकी. रशिदा पुढं आयुष्यभर टोमणा मारायची — माझ्या लग्नात बादशहा रुसला होता म्हणून.

पुढं? एकोणीसशे बावीस, कोल्हापूरचे शाहू महाराज गेले. हे मला ठाऊक नव्हतं. पाहा, गरिबांसाठी एवढं केलेला राजा गेला आणि आमच्याकडं एक ताशा कुणी थांबवला नाही. घोडेस्वार नसेल मोकळा.

मग एकोणीसशे पस्तीस, जॉर्ज बादशहांच्या गादीचा रौप्यमहोत्सव. — हे लिहिलंच पाहिजे का? तुमच्या मिरवणुकीत कशाला बादशहाची जुबिली? बरं, इतिहास म्हणजे इतिहास. मग मी सांगतो, तुम्ही ऐका. बाप सहा मेला मेला म्हणून मुलगा सहा मेला गादीवर आला, त्याला पंचवीस वर्षं झाली. आणि कुणाला झाली पंचवीस? आम्हाला! मला न् रशिदाला. पण आमच्या जुबिलीला कमानी कोण उभारणार? तर कचेरीपुढच्या मैदानात मांडव, पताका, मामलेदारसाहेब नव्या फेट्यात, दवाखान्याचे डॉक्टर पहिल्या रांगेत, आणि डाव्या बाजूला मी. क्लॅरिओनेट घेऊन. लाल कोट. मे महिन्यात लाल लोकरीचा कोट, गुरुजी! बादशहाचं गाणं वाजवायचं होतं. नंदुरबारच्या प्रेमचंद शेठकडं त्याची तबकडी होती, महिनाभर जाऊन ऐकत होतो. नाइलाज होता ना — मामलेदाराचा हुकूम! गरीब बँडवाला काय करणार?

घरी रशिदा अडली होती. हो, पंचवीस वर्षांनी. नवस झाले, दर्गे झाले, तोरणमाळच्या जडीबुटी झाल्या, आम्ही दोघांनी नाद सोडला होता — आणि एकोणचाळिसाव्या वर्षी तिला दिवस राहिले. पहाटेपासून कळा सुरू. सुईण रेवाबाई आली होती. मी कोटाची बटणं लावत होतो तर रशिदा म्हणाली, "आज नको जाऊ हो." मी म्हणालो, घटकाभरात येतो. सुईण आहे की! मी थांबून काय करणार, क्लॅरिओनेट वाजवू?

मग झालं असं की भाषणं लांबली. साहेबलोकांची भाषणं, माहीत आहे तुम्हाला. शेजारची दगूबाई मला बोलवायला आली, तर पोलिसांनी तिला दोरीबाहेर अडवलं. मला काही कळलंच नाही. कसं कळणार? एवढी गर्दी, एवढा गलका. दोष कुणाचा? पोलिसाचा. मामलेदाराचा. बादशहाचा! माझ्या दोन्ही वेळेला आडवा आला तो, एकदा मरून आणि एकदा जगून —

काय? नाही, दगूबाई लिंबाखाली उभी होती. हिरवं लुगडं. पदर हलवत होती असा, दोन्ही हातांनी. "रमजानभाऊ, घर चाल! रशिदाले बरं नही शे!" — ओरडत होती नुसती —

हं. ऐकू कसं आलं, असं विचारताय. गुरुजी, तुम्ही मास्तर आहात, चूक बरोबर पकडता.

आलं ऐकू. आत्ताच म्हणालो ना, कान चांगले आहेत माझे. पाहिलं मी तिला. पाहिलं आणि मांडवाकडं तोंड फिरवलं. कारण गाणं सुरू व्हायचं होतं, आणि त्यात मधे एक जागा आहे, तिथं बाकीचे सगळे थांबतात, एकटा क्लॅरिओनेट चढतो. महिनाभर त्या जागेसाठी घासलं होतं मी. डॉक्टर दहा पावलांवर होते — नुसतं जाऊन कानात सांगायचं होतं, ते उठले असते, वाईट माणूस नव्हता तो. मी वाजवलं. टाळ्या पडल्या. मामलेदार मान डोलवत होते. आणि मग मी — कुणी सांगितलं नव्हतं, हुकूम नव्हता कुणाचा — मी पुन्हा वाजवलं. पहिल्यापासून. आयुष्यात पहिल्यांदा या गावानं मला नीट ऐकलं, गुरुजी. वरातीत कोण ऐकतं? वरातीत लोक घोडा बघतात.

मग गेलो डॉक्टरांकडं. ते टांग्यानं लगेच निघाले, बिचारे. दारात रेवाबाई बसली होती, हात धुवायचेही राहिले होते तिचे. पोरगी आत रडत होती. रशिदा गेली होती. रक्त थांबलं नाही. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आलो असतो तर कदाचित. कदाचित! शिकलेल्या माणसाचा शब्द. अडाणी असता तर सरळ शिवी दिली असती, सोपं झालं असतं.

लाल कोट तेव्हाच टाकला. वाजवणं नाही सोडलं, पोर वाढवायची होती. पण सहा मेला क्लॅरिओनेट पेटीतून काढत नाही. तुमच्या यादीत शेवटी काय — चव्वेचाळीस, गांधीबाबा तुरुंगातून सुटले. हो, गेल्या साली. त्या माणसासाठी फुकट वाजवीन मी, कुठंही, उन्हात उभा राहून. त्यांची बायको तर आत असतानाच गेली म्हणतात. पण ते तिच्याजवळ होते, गुरुजी. कैदेत असून जवळ होते. मी मोकळा होतो.

आता एक काम करा माझं. सुरैय्या तुमच्याच शाळेत आहे ना, तिसरीत. रजिस्टरात तिची जन्मतारीख पाच मे आहे. मीच लिहवली. तिला सांगितलंय की तू पाचला झालीस आणि अम्मी सहाला गेली. एक अख्खा दिवस अम्मीनं तुला मांडीवर घेतलं, दूध पाजलं, नाव तिनंच ठेवलं. ती विचारते, अम्मी काय काय बोलली माझ्याशी? मी सांगतो. दरवर्षी थोडं वाढवून सांगतो. दगूबाई, रेवाबाई, सगळी गल्ली हेच सांगते. तुम्हाला फळ्यावर लिहायचं ते लिहा, राजे मरू द्या, गादीवर बसू द्या, पण त्या रजिस्टराला हात —

थांबा. विहिरीवरून आली वाटतं. — ये बेटा, घागर सावकाश ठेव. गुरुजी निघालेच आहेत. काही नाही गं, वाजवायचं विचारत होते.

या गुरुजी.