सोबत आलेल्यांची खोली

नाही, मला एक सांगा, या अख्ख्या परभणी जिल्ह्यात कुणाला काही होतच नाही का हो? कुणालाच? मी तीन महिने खुर्ची टाकून बसलो, मानसशास्त्राचा प्राध्यापक माणूस, समोर दुसरी खुर्ची, मध्ये टेबल, टेबलावर पाण्याचा तांब्या... आणि जो येतो तो दारातूनच सांगतो, "सर, मला काय न्हाई, मी सोबत आलोय!" अरे, कुणाच्या सोबत? तर मागं उभ्या असलेल्याच्या. आणि मागचा म्हणतो, "छ्या, मी ह्याच्या सोबत." बेजार! तुमाला सांगतो, नुसता बेजार झालो मी.

आता तुमी म्हणाल, शिवरुद्र सर, हा उद्योग तुमाला सांगितला कुणी? कुणी नाही. माझा मीच गळ्यात बांधून घेतला. पंच्याऐंशीच्या दिवाळीआधी आमच्या हॉस्टेलातल्या एका पोरानं पिकावर मारायचं औषध पेलं. वाचलं लेकरू, पण गावाकडं गेलं ते गेलंच, कॉलेजात परत आलं नाही. सगळे हळहळले, मी मात्र गप्प. कारण आदल्या दिवशी ते माझ्याकडं आलं होतं. स्टाफरूमच्या दारात उभं राहून म्हणलं, "सर, वेळ हाय का?" आणि मी पेपर तपासायलो होतो हो! मान वर न करता म्हणलं, "उद्या ये." हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, घरी बायकोला, उमादेवीला सुद्धा नाही. पण त्या दिवशी ठरवलं, कॉलेजात एक खोली पाहिजे. पोरानं कधीही यावं, आणि तिथं "उद्या ये" कुणी म्हणू नये. बस्स. जीव गेला तरी खोली मिळवायची.

पुढच्या जूनात कॉलेज उघडलं तसा गेलो प्राचार्यांकडं. आमचे भगवानराव. माणूस वाईट नाही, पण आवाज असा की शेजारच्या इमारतीतली पोरं उभी राहावीत. "मनाचा दवाखाना? शिवरुद्र, अहो, आमी चौघं भाऊ एका धोतरात शिकलो! आमाला कुठं होतं मन?" म्हणलं, सर, असेल की, चौघांत एखादं. "जा तुमी!" गेलो. दुसऱ्या दिवशी परत आलो. तिसऱ्या दिवशी परत. सातव्या खेपेला बिचारे थकले. म्हणले, "सायकल स्टँडच्या बाजूची खोली घ्या. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत. तवर एक तरी पेशंट दाखवा, नाहीतर खोली एनसीसीला. त्यांच्या लाकडी बंदुका पावसात भिजायल्यात." म्हणजे बघा, माझी शर्यत कुणाशी? तर लाकडाच्या बंदुकांशी!

पाटी केली. चांगली निळी, पांढऱ्या अक्षरात, 'मानसिक समुपदेशन केंद्र'. जुलै गेला, माशी आली नाही. उलट पोरं सायकली घ्यायला कंपाऊंडच्या भगदाडातून, चिखलातून यायली, पण माझ्या दारावरून नाही. आमचे शिपाई बन्सीधरमामा म्हणले, "सर, 'मानसिक' लिवल्यावर कोण यील? लोक म्हणत्याल, गेलं ह्याचं डोस्कं!" एक दिवस एका पोरीचा चुलता आला. टोपी काढून, अदबीनं. मला वाटलं, आला पेशंट! तर म्हणतो, "सर, आमच्या पोरीची सोयरीक जमायलीय देवगाव फाट्याकडं. पाव्हणे कॉलेज बघाय येणारेत. तेवढी पाटी दोन दिवस उलटी करता का?" केली उलटी! काय करता? सोयरीक जमली, पेढे आले. पेशंट नाही, पेढे!

आणि मग सप्टेंबरात एका दुपारी पाच जण एकदम आले. एकाला विचारलं, मला काय न्हाई, मी सोबत आलोय. दुसऱ्याला विचारलं, मला काय न्हाई, मी सोबत आलोय. आता तुमीच सांगा, आपल्याकडं दवाखान्यात एकटा जातो का कुणी? वालूरचा माणूस दात काढायला परभणीला आला तर सोबत जीपभर माणसं. दात एकाचा, तोंडं चौदा! हे मला लहानपणापासून माहीत. पण मी शिकलो पुस्तकातून ना! पुस्तकात लिहिलेलं, बोलणं खाजगी पाहिजे, खोलीत फक्त दोघं. मी दरडावून विचारलं, "पेशंट कोण?" दत्तरावनं हात वर केला. दत्तराव म्हणजे कबड्डीचा गडी, दारातून आडवा होऊन यावं लागतं त्याला. म्हणलं, बाकीचे बाहेर. सगळे हलले, एक बारकेला पोरगा हलंना. पहिल्या वर्षाचा, लिंबाजी. "तुला काय झालंय रे?" "मला काय न्हाई सर, मी सोबत आलोय." "मग सोबतच्यांनी बाहेर!" बोट दाखवलं मी, तुमाला सांगतो, चक्क दाराकडं बोट दाखवलं! गेला. मी दार लावलं, कडी घातली, आवाज मऊ केला, "हं, बोल बाळा दत्तराव."

दत्तरावनं कपाळावर हात मारला. "काय केलं सर तुमी! मला कुठं काय झालंय? पेशंट तोच हाय! आठ दिस झाले, मेसमधी घास खाईना. एकटा येतच न्हाई, म्हणून मी पेशंट झालो, म्हणलं माझ्या सोबत तरी यील. आन तुमी त्यालाच हाकललं!"

"उद्या ये" म्हणणारा मी, "बाहेर" म्हणणारा बी मीच! मग खोली कशाला मागितली होती, सात खेपा घालून?

पळालो. हॉस्टेलात नाही, मेसमध्ये नाही. कुणीतरी म्हणलं, वळकटी घेऊन एसटी स्टँडकडं गेला. बन्सीधरमामाच्या सायकलवर डबलसीट बसलो. मामा पेडल मारायलेत, मी मागं कॅरेजवर, शर्टाच्या खिशातला पेन उडाला, म्हणलं राहू द्या, चला! स्टँडवर जिंतूरची गाडी घरघर करायली, आणि खिडकीशी लिंबाजी, मांडीवर वळकटी. चढलो, शेजारी बसलो, गाडी निघाली. कंडक्टर आला. "मास्तर, कुठलं?" म्हणलं, ह्याचं जिथलं असेल तिथलं. "म्हंजी?" म्हणलं, मी सोबत आहे. "का? काय झालंय ह्याला?" आणि आमी दोघं एकदम म्हणलो, "काय न्हाई!"

झरीचा थांबा गेला. पुस्तकातलं एक वाक्य आठवंल तर शपथ! बोरी गाव जवळ आलं तसं लिंबाजी खिडकीबाहेर बघत म्हणला, "सर, अठ्ठ्याहत्तरला मी धा वर्षांचा होतो. नामांतरावरून दंगल झाली, आमची वस्ती पेटवली. मायनं मला ज्वारीत ढकलून दिलं आन म्हणली, हलू नको. आता नामांतराचा मोर्चा निघतो, पोरं माझीच, घोषणा माझ्याच. मला द्यायच्यात सर, जोरात द्यायच्यात! पण आवाज चढला की पाय लटलट कापत्यात. मागल्या आठवड्यात मोर्चातून मागं फिरलो. भित्रा हाय का मी?"

म्हणलं, "नाही रे लेकरा. पाय कापत होते तरी मोर्चात गेलास की. ज्याला भीतीच वाटत नाही, त्याचं काय कौतुक? आणि दहा वर्षांच्या लेकराला हलू नको म्हणलं होतं, ते अजून ऐकायलंय. त्याला आता सांगावं लागंल, हळूहळू, की हलायला हरकत नाही." आणि मग काय झालं मला माहीत नाही, मी त्याला त्या दुसऱ्या पोराचं सांगितलं. "उद्या ये" म्हणलो होतो ते. लिंबाजी ऐकत राहिला. मग म्हणला, "सर, तुमाला बी लय तरास झालाय की." आणि तुमाला सांगतो, चाळिशीचा माणूस मी, एसटीत ढसाढसा रडलो! मागच्या सीटवरच्या म्हातारीनं खांद्यावरून शेंगा पुढं केल्या, "कोण गेलं रं, बाबा?" जिंतूरला दोघांनी चहा पेला आणि परतीच्या गाडीत बसलो.

दुसऱ्या दिवशी पाटी खाली काढली आणि मामाला नवी लिहायला दिली. 'सोबत आलेल्यांनी येथे बसावे.' एवढंच! काय सांगू तुमाला, बाक पुरंना! कुणाला बाहेर काढायचं नाही हा नियम. एक म्हणतो, "सर, ह्याला झोप येत न्हाई." दुसरा म्हणतो, "ह्याला परीक्षेत घाम फुटतो." ज्याचं त्यानं दुसऱ्याच्या नावावर सांगायचं, मी ज्याला त्याला बरोबर उत्तर द्यायचं. लिंबाजी दर मंगळवारी यायला लागला. जेवायलाही लागला. पुढच्या मोर्चात गेला, शेवटपर्यंत. दत्तराव सोबत होता.

आली दिवाळी. सुट्टीचा पहिला दिवस, कॉलेज रिकामं. मी कुलूप लावायलो, उमादेवी माहेरच्या गाडीसाठी पिशव्या घेऊन स्टँडवर उभी, आणि भगवानराव समोर. "शिवरुद्र, पेशंट किती झाले?" खरं सांगितलं. "एकही नाही, सर." म्हणलं, संपलं. आल्या बंदुका. त्यांनी पाटी वाचली. परत वाचली. आत येऊन बाकावर बसले, चष्मा काढला आणि म्हणले, "भिजू द्या त्या बंदुका." मग, एवढ्या हळू आवाजात की मला वाटलं दुसरंच कुणी बोललं, "शिवरुद्र... वेळ आहे का?"

आता काय म्हणणार? उद्या या? कुलूप टेबलावर ठेवलं, म्हणलं, आहे सर.

"गैरसमज नको. मला काही नाही, मी आपला..." आणि मागं वळून बघितलं. मागं कुणीच नव्हतं हो!

म्हणलं, "माहीत आहे, सर. तुमी सोबत आलात."

तवापासून सर बोलायलेत. दुपारची गाडी गेली, संध्याकाळचीही गेली, बन्सीधरमामाला स्टँडवर निरोप घेऊन पाठवलंय, उमादेवी काय म्हणली ते मामा सांगेनात. आणि इकडं एका धोतरातल्या चार भावांपैकी, तुमाला सांगतो, अजून थोरल्यावरच आहोत आमी!