आमदार, सासूबाई आणि काकडीचं लोणचं

नाही हो, तुम्हाला हसू येतंय, पण काकडीच्या लोणच्यापायी माणसाची आमदारकी जाते! आमच्या अमेरिकेतल्या आयोवा राज्यात जाते. तुम्हाला सांगतो, विधानसभेत मला कशाची भीती नाही. अवघड विधेयक आलं, मतदान पुकारलं, की मी उठतो आणि कॉफी आणायला जातो. डुकरांच्या गोठ्याच्या वासाचं विधेयक आलं... कॉफी. दारूच्या दुकानांचं आलं... कॉफी. परत येईपर्यंत सगळं उरकलेलं. सहा वेळा निवडून आलो तो या कॉफीच्या जोरावर! पण स्वस्थ बसता येतं का? कसं येईल, निवडणूक दर दोन वर्षांनी हो... दर दोन वर्षांनी.

आणि आमच्या जत्रेत लोणच्याच्या स्पर्धेचा पंच कोण? तर आमदार. प्रथाच आहे. बरण्यांवर नावं नसतात म्हणे. नसेनात! शेपू ठासून भरलेली बरणी माझ्या सासूबाईंची, हे शेंबडं पोरही सांगेल. लवंगवाली मार्व्हा क्लॉसनची, म्हणजे आमच्या पक्षाच्या जिल्हाध्यक्षीणबाईंची. दोघी समोर हाताची घडी घालून उभ्या. सासूबाई म्हणतात, "जावईबापू, सावकाश खा. थँक्सगिव्हिंगच्या सणाला आमच्याकडेच जेवणार आहात ना?" मार्व्हा म्हणते, "खा व्हर्लिन, खा. तुझी प्रचारपत्रकं अजून छापायला दिली नाहीयेत मी, पण तू खा निवांत." मी दाराकडे बघितलं हो! स्पर्धेच्या तंबूला दार एकच. म्हटलं, "जरा कॉफी घेऊन येतो..." सासूबाई म्हणाल्या, "आणलीय मी."

आता आली का पंचाईत? इकडे आड, तिकडे विहीर, आणि निवडणूक दर दोन वर्षांनी! डोळे मिटले आणि पहिल्या बक्षिसाची निळी फीत कोपऱ्यातल्या भलत्याच बरणीला लावून टाकली. वाटलं, सुटलो.

बरणी निघाली गावात नव्याने आलेल्या गुरांच्या डॉक्टरीणबाईंची, टेरेसा होल्मग्रेनची. ती आली, फीत छातीला लावली, माईक घेतला आणि म्हणाली, "आभारी आहे. यंदा मी आमदारकीला अपक्ष उभी राहतेय. उमेदवारीच्या अर्जाला मतदारांच्या सह्या लागतात, त्या इथेच घेते."

रांग लागली हो! पहिली सही सासूबाईंची. दुसरी मार्व्हाची. मग कागद माझ्यापुढे. अख्खा तंबू बघतोय. नाही म्हणावं तर लोक म्हणणार, बघा कसा जळतोय... आणि मतं तर त्यांचीच मागायची.

केली सही. तुम्हाला सांगतो, बारा वर्षांत पहिल्यांदा मी उघडपणे कुणाची तरी बाजू घेतली... आणि तीही माझ्याच विरुद्ध.