कालवडीची नोंदणी

देवणीच्या जनावरांच्या दवाखान्यात मी रांगेत उभा होतो. माझ्यापुढं हणमंतराव, खिडकीत कंप्युटरवर बसलेली मुलगी.

"ताई, जनावरांच्या प्रदर्शनाच्या नोंदणीचा आज शेवटचा दिवस हाय. कालवड बाहेर बांधलीय."

"काका, कालपासून लातूरचा सर्व्हर जोडूनच घेईना."

"बंद हाय का?"

"चालू आहे. पासवर्डही बरोबर आहे."

"परवापर्यंत घेत होता न्हवं? मग काल काय बदललं?"

"काल आम्ही नवं इंटरनेट घेतलं. थांबा, आपल्या कंप्युटरचा इंटरनेटवरचा पत्ताच बदलला असेल. सर्व्हर नोंदवलेल्या पत्त्यालाच आत घेतो."

"मग अनोळखी माणसाला तो दार कसं उघडंल? नवा पत्ता कळवा की."

तिनं लातूरला फोन लावून पत्ता सांगितला.

"जोडलं, काका. कालवडीचं नाव सांगा."

"ठेवलंच न्हाई अजून. तुमचं नाव काय?"

"वैष्णवी."

"लई चांगलं हाय. तेच लिहा."